नकाशावर बाण काढून देवाणघेवाण कळत नाही

प्रदर्शनांवरच्या त्या लेखातलं बाकी पटलं, पण त्यातलं "टच स्क्रीनवर नकाशा आणि बाण दाखवले की प्राचीन भूमध्य सागरातली देवाणघेवाण मुलांना लगेच कळते" हे काही झेपलं नाही. बाण म्हटलं की एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं, विषय संपला! आता उलुबुरुनचं जहाजच घ्या ना, इ.स.पू. 14व्या शतकाच्या शेवटी तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ बुडालेलं, 1982 मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्याला दिसलं. त्यात सायप्रसचं तांबं जवळपास 10 टन, शिवाय कथील, उत्तर युरोपातल्या बाल्टिक किनाऱ्याचा अंबर (दगड झालेला झाडाचा चीक), आफ्रिकेतलं काळं लाकूड, निळ्या काचेच्या जाड चकत्या, वर इजिप्तची राणी नेफरतितीचं नाव कोरलेला सोन्याचा स्कॅरब, म्हणजे भुंग्याच्या आकाराचा ताईत. आणि जहाज नेमकं कोणाचं यावर अजून वाद आहेच. सांगा आता, बाण कुठून कुठे काढणार?

मी भाचीला असल्या एका प्रदर्शनाला नेलं होतं, सगळी बटणं दोन मिनिटांत दाबून झाली आणि बाई पुढे पळाल्या. पण कोपऱ्यात त्याच उलुबुरुनच्या जहाजातल्या तांब्याच्या लादीची नक्कल ठेवली होती, चार कोपरे ओढल्यासारखे, बैलाचं कातडं पसरल्यागत, खरीएवढ्याच वजनाची म्हणजे साधारण 24 किलो, तिथे मात्र ती चिकटली. दोन्ही हातांनी जोर लावला, हलेना, मग म्हणते "मावशी, अशा किती होत्या?" साडेतीनशेच्या वर म्हटल्यावर तोंडाचा आ. नकाशा ठेवा हो, पण आधी लादी उचलायला द्या.