गिरणीमालकांनी ‘स्वतःहून दिलेल्या’ आठ तासांबद्दल

मुंबईच्या गिरण्यांबद्दल एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचा सारांश असा: गिरण्यांनी कोकणातल्या माणसाला आठ तासांचं काम, रविवारची सुट्टी आणि बांधील पगार दिला, शिवाय जातीपातीतून सोडवलं; आणि हे सगळं मालकांनी आपणहून केलं.

आधी आठ तास. कावसजी दावरांची, म्हणजे मुंबईतली पहिली, कापडगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली. सुरुवातीची कित्येक वर्षं काम उजेडावर चाले. त्यामुळे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरत, थंडीत थोडे कमी. १८८१ च्या कायद्याने फक्त मुलांकडे पाहिलं: सात वर्षांखालच्यांना बंदी, सात ते बारा वयाला दिवसाला नऊ तास. मोठ्या पुरुषांच्या तासांना मर्यादाच नव्हती. १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले, तेव्हा सूर्य मावळल्यावरही यंत्रं फिरत राहिली, दिवस आणखी लांबला आणि कामगार बिथरले. बारा तासांची मर्यादा १९११ ला, अकराची १९२२ ला, दहाची १९३४ ला आली. आठवड्याचे ४८ तास व्हायला १९४६ उजाडलं. पहिल्या भोंग्यापासून नव्वद वर्षं!

रविवारचं श्रेय तर सरळ चोरलेलं आहे. १८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांनी परळला सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार आणि अपघाताची भरपाई या मागण्या होत्या. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहाएक हजार कामगार जमले आणि दोन बायकांनी भाषणं केली. मालकसंघाने रविवार मान्य केला तो त्यानंतर, १० जूनला. त्याआधी काही ठिकाणी रविवारी गिरणी बंद असली, तरी यंत्रं पुसायला यावंच लागे.

जातीचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा लागतो, कारण त्याचं उत्तर धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात, आहे. धोट्यातली सुताची कांडी संपली की विणकर नवी घाली. तिच्या सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं असे. हाताने वेळ जाई, म्हणून भोकाला ओठ लावून जोरात श्वास ओढायचा, की टोक तोंडात. कापसाची धूळही सोबत आत जाई. एकाच मागावर पाळी बदलली किंवा बदली कामगार आला, की तोच धोटा दुसऱ्याच्या ओठांना लागे. ‘बाटणं’ नको म्हणून सवर्ण विणकरांनी अस्पृश्यांना मागखात्यात येऊ दिलं नाही. जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, भरती करी, तोही त्यांच्यातलाच. मालकाला खातं चालण्याशी मतलब. आणि मागखातं म्हणजे चांगला पगार: तिथे जितकं विणलं तितकी मजुरी, तर महार-चांभारांच्या वाट्याला आलेल्या सूत कातायच्या खात्यात, रिंग यंत्रांवर, कमाई बरीच कमी. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात डॉ. आंबेडकरांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला.

(हाताने सूत ओवता येणारे धोटेही निघाले होते. म्हणजे तोंड लावणं यंत्राची सक्ती नव्हती.)

उरला बांधील पगार. गावात न दिसणारी रोकड हातात येई, मनीऑर्डरी कोकणात जात, हे खरंच. पण महिना संपल्यावरही पगार दोन-दोन आठवडे अडकून राही, तोवर वाणी आणि सावकार. वर दंड. कापडात डाग किंवा तुटकं सूत निघालं, तर ते कापड विणकराच्याच माथी मारून किंमत पगारातून कापत. आखूड धाग्याचा कापूस आणि कोरडी हवा यांनी सूत तुटे, त्यात विणकराचा दोष काय? १९३६ च्या कायद्याने हजाराहून कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत आणि जास्त असतील तर दहाच्या आत पगार सक्तीचा केला, दंडालाही रुपयामागे अर्ध्या आण्याची कमाल मर्यादा घातली.