रुमालाखालचा रिव्ह्यू

माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र सांगलीत स्पीकर बनवतात. कुपवाड एमआयडीसीत एका शेडचा अर्धा भाग त्यांनी भाड्यानं घेतलाय. मिरवणुकीत आपण ज्याला ‘डॉल्बी’ म्हणतो तसली भिंत नव्हे, टेबलावर ठेवायची छोटी जोडी. ड्रायव्हर, म्हणजे थरथरून आवाज काढणारे आतले गोल पडदे, बाहेरून येतात. खोकं, जाड आणि बारीक आवाज मोठ्या-छोट्या ड्रायव्हरांत वाटून देणारं क्रॉसओव्हरचं सर्किट आणि जुळणी या पोरांची स्वतःची. मी तेरा वर्षं जर्मनीत हॅनोव्हरला आहे. मध्ये महिनाभर दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आमचा एकच वाद चालला होता : यूट्यूबवरच्या रिव्ह्यूअरला पैसे द्यायचे की नाही.

वादाला निमित्त झालं एका रिव्ह्यूअरच्या मॅनेजरनं पाठवलेलं रेटकार्ड. स्पीकरवर आठ मिनिटांचा व्हिडिओ, वर दोन रील. व्हिडिओ आधी कंपनीला दाखवणार, न आवडलेलं वाक्य काढून टाकणार. पैसे घेतल्याची पट्टी व्हिडिओवर लावायची का, या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं, “ते बघू आपण.” हे ‘बघू आपण’ ऐकलं तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

भाच्याचा भागीदार या व्यवहाराच्या बाजूनं आहे आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. तो म्हणाला, “मामा, तुम्ही तिकडं बसून सांगताय. इथं आमचं नाव कुणाला माहीत नाही. नामांकित रिव्ह्यूअरला मेल टाकले, कुणी साधी पोच दिली नाही. दुकानदार म्हणतो, व्हिडिओ दाखवा, मग माल ठेवतो. पाच पोरांचे पगार आहेत. आणि सगळेच करतात की हे!” त्याच्या शेवटच्या वाक्याशी माझं भांडण आहे. बाकीचं सगळं खरं आहे.

बाहेर राहणारा माणूस घरी फोन करून ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणाला की ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते, आणि ती पडावीच. कारण कायद्याचंच बोलायचं तर आपण मागं नाही. जाहिरात क्षेत्राच्या आपल्या एएससीआय या स्वयंनियमन संस्थेनं 2021 साली इन्फ्लुएन्सर जाहिरातींसाठी नियम आणले. 2022 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली, जानेवारी 2023 मध्ये ग्राहक व्यवहार विभागानं सोप्या भाषेतली पुस्तिकाही काढली. पैसे, फुकट वस्तू, सहल, सवलत, इतकंच काय नातं असलं तरी ते सांगायचं; व्हिडिओ असेल तर नुसतं खालच्या वर्णनात नाही, व्हिडिओतच सांगायचं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत. जाहिरात करणाऱ्या माणसावर एक ते तीन वर्षांची बंदीही येऊ शकते. म्हणजे भाच्याच्या भागीदाराला मी जर्मनीतला धडा शिकवायची गरजच नाही. ‘बघू आपण’ हे उत्तर आपल्याच कायद्यात बसत नाही.

तरीही दोन गोष्टी इथं राहून मला नीट दिसल्या. एक म्हणजे पुराव्याचं ओझं कुणावर. इथल्या अनुचित स्पर्धेच्या कायद्यात 2022 पासून अशी तरतूद आहे की एखाद्यानं दुसऱ्याच्या मालाचं कौतुक केलं, तर त्यानं मोबदला घेतला असंच धरलं जातं. घेतला नसेल तर ते त्यानं पटवून द्यायचं. म्हणून इथले बरेच जण स्वतःच्या पैशानं घेतलेल्या हेडफोनचा व्हिडिओ केला तरी कोपऱ्यात ‘जाहिरात’ लिहून मोकळे होतात. आता ह्याचाही अतिरेक होतो. सगळ्यावरच पट्टी असली की पट्टी कुणी वाचत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. 1964 मध्ये जर्मन संसदेच्या निर्णयानं बर्लिनला ‘श्टिफ्टुंग वारेनटेस्ट’ नावाची संस्था सुरू झाली. तिची माणसं नाव न सांगता दुकानात जाऊन तुमच्या-आमच्यासारखी रांगेत उभी राहून वस्तू विकत घेतात आणि मग तपासतात. कंपनीनं पाठवलेला नग चालत नाही, मासिकात जाहिरात घेत नाहीत. माझ्या शेजारच्या आजी वॉशिंग मशीन घेताना आजही आधी ग्रंथालयात जाऊन त्यांचा अंक चाळतात. कंपनी जो नग पाठवते तो निवडून, वाजवून, तपासून पाठवलेला असतो, हे ऑडिओच्या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हजारातला तो एक. तुम्हाला मिळतो तो उरलेल्यातला.

ऑडिओच्या बाबतीत व्हिडिओची अडचण आणखी खोल आहे. फोनचा कॅमेरा कसा आहे हे व्हिडिओत निदान थोडं तरी दिसतं. स्पीकर कसा वाजतो हे व्हिडिओत ऐकूच येत नाही. रिव्ह्यूअरच्या खोलीतला घुमारा, त्याचा माइक, अपलोड करताना दाबून बारीक केलेला आवाज, आणि शेवटी बघणाऱ्याच्या मोबाइलचा बोटभर स्पीकर, एवढ्या चाळण्यांतून जे खाली पडतं ते बघणाऱ्याच्या मोबाइलचं वाजणं असतं. शिवाय दोन स्पीकरांपैकी एक किंचित मोठा लावला तरी कानाला तोच सरस वाटतो. तुलना करायची तर दोन्हींची पातळी मोजून सारखी करावी लागते, आणि ते कष्ट फार थोडे घेतात. म्हणजे बघणाऱ्याच्या हातात उरतो फक्त बोलणाऱ्याच्या शब्दावरचा विश्वास. दुसरं काहीच तपासता येत नसताना तो एक शब्दही विकत घेतलेला असेल, तर ग्राहकाला आपण काय दिलं?

लहानपणी आजोबांचं बोट धरून मी खरसुंडीच्या यात्रेत खिलार बैल बघायला जायचो. दलाल आणि घेणारा समोरासमोर बसलेले, हातांवर रुमाल, रुमालाखाली बोटं. बोटं दाबून भाव ठरायचा. भोवती शंभर माणसं उभी असली तरी कुणाला काही कळायचं नाही. आणि सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सौदा बघा. व्यापारी सगळ्यांदेखत हळकुंड मोडतो, आतला रंग बघतो, बोटावर घासतो, मग मोठ्यानं भाव बोलतो. त्या मॅनेजरचं रेटकार्ड म्हणजे रुमालाखालचा सौदा आहे. मला भाच्याच्या स्पीकरसाठी हळकुंड मोडणारा माणूस हवा आहे.

तो माणूस मिळाला तर काय होतं, हे आम्ही याच उन्हाळ्यात पाहिलं. मी सुटीवर आलो होतो. पहिली जोडी तयार झालेली. आम्ही ती गाडीत घालून मिरजेला नेली, तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या गल्लीत. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या गल्लीचा कान त्याच्या कितीतरी आधीचा आहे. ओळखीचे एक कारागीर चाचा दुकानात होते. अर्धवट रंगवलेला भोपळा बाजूला सारून त्यांनी जागा करून दिली. आम्ही चांगल्या ध्वनिमुद्रणातला नुसता तानपुरा लावला. त्यांनी डोळे मिटले, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, “ह्याच्या घोडीवरचा दोरा सरकलाय.” घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी.

भाचा म्हणाला, “चाचा, हे रेकॉर्डिंग आहे.”

“असू दे. जवारी उघडत नाही. सूर आहे, पण भोवतीची ती झुळझुळ मधेच खाल्ल्यासारखी होतेय.” मग त्यांनी शेजारचा खरा तानपुरा उचलला, तारेखालचा दोरा नखानं तांदूळभर पुढं सरकवला आणि छेडला. आमच्या खोक्यातून जे येत नव्हतं ते खोलीभर पसरलं.

त्या रात्री शेडमध्ये ताईनं दिलेल्या दोन गोधड्या भिंतीला टांगून आम्ही मोजणीचा माइक लावला. रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात कुठल्या सुराला किती आवाज येतो त्याचा आलेख काढला. मोठ्या ड्रायव्हरकडून छोट्याकडं आवाज सोपवला जातो तिथं, अडीच हजार हर्ट्झच्या आसपास, खड्डा होता. छोट्या ड्रायव्हरच्या वायरी उलट जोडल्या गेल्या होत्या, त्यामुळं तेवढ्या पट्ट्यात दोघं एकमेकांचा आवाज मारत होते. भाच्याच्या आणि त्याच्या दोन मित्रांच्या कानांनी सिनेमातली गाणी लावून महिनाभर ते चालवून घेतलं होतं. चाचांना त्यासाठी आम्ही एक रुपया दिला नव्हता, चहासुद्धा त्यांनीच पाजला. आठ मिनिटांचा पैसे देऊन केलेला व्हिडिओ आधी आला असता तर तो खड्डा शे-दोनशे घरांत पोचला असता, वर ‘स्वच्छ आणि मोकळा आवाज’ असं प्रशस्तिपत्रही सोबत गेलं असतं.

भागीदाराचा प्रश्न मात्र तिथंच होता : नाव कसं करायचं? जाहिरात करायला माझी ना नाही. जाहिरातीला जाहिरात म्हणून पैसे द्या, ताठ मानेनं द्या. आपल्याच जिल्ह्यात किर्लोस्करवाडीहून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याची माहिती लोकांपर्यंत पोचवायला. मालकाचं नाव मुखपृष्ठावर, कुणापासून काही लपवलेलं नाही. पुढं तेच मासिक घराघरांत वाचलं गेलं. कुणाचं आहे हे माहीत असूनही लोकांनी ते वाचलं.

आणि रिव्ह्यूअरही पोटापाण्याचाच माणूस आहे, हे मी विसरत नाही. नीट रिव्ह्यू करायचा तर दोन आठवडे ऐकावं लागतं, मोजावं लागतं. तो दुव्यावरून होणाऱ्या विक्रीतलं कमिशन घेत असेल तर खुशाल घेऊ दे. मात्र ‘तुम्ही घेतलंत तर मला पैसे मिळतात’ हे त्यानं पहिल्या मिनिटात बोलावं. हे सांगणारे मराठी रिव्ह्यूअर आहेत. त्यांची प्रेक्षकसंख्या लहान असते आणि मॅनेजर नसतो, ते मेलला स्वतः उत्तर देतात.

चौथ्या रविवारी ताईनंच मला आणि भागीदाराला गप्प केलं आणि आमचं एवढं ठरलं. रेटकार्डाला नकार. त्यातले थोडे पैसे दोन मराठी चॅनेलांवर उघड जाहिरातीसाठी, पट्टीवर मराठीत ‘जाहिरात’ असं ठळक. पाच जोड्या लहान रिव्ह्यूअरना, शेडमधल्या रचलेल्या खोक्यांतून त्यांनी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोट दाखवून निवडलेल्या. जाण्या-येण्याचा कुरिअर आमचा. सोबत आमचा आलेख आणि एका पानाचं पत्र : व्हिडिओ आम्हाला आधी दाखवू नका, आवडलं नाही तर तसं बोला, ऐकून झाल्यावर जोडी परत करा.

पहिला व्हिडिओ गेल्या मंगळवारी आला. मुलगा इस्लामपूरचा आहे. तानपुरा, गाण्यातले शब्द याबद्दल चांगलं बोलला. मग म्हणाला, ढोलकीचा खालचा ठोका या स्पीकरात पोकळ वाटतो, मोठी खोली असेल तर घेऊ नका. भाच्याचा रात्री अकराला फोन आला, सांगलीत अकरा. “मामा, एवढं एक वाक्य काढायला सांगू का?” मी विचारलं, “खरं आहे का ते?” तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, “आहे. खोकं लहान आहे, तिथपर्यंत खाली जाणारच नाही.”

काल त्यानं मला विक्रीच्या पानाचा फोटो पाठवला. किमतीच्या लगेच खाली ओळ टाकलीय : ‘दहा बाय बारापर्यंतच्या खोलीसाठी.’ शेजारी इस्लामपूरच्या मुलाचा तो व्हिडिओ, पूर्ण.