‘पटाशी कुठलीही चालते’: फिरत्या मेसेजला एका सुताराचं उत्तर

निपाणी-चिकोडीपासून बेळगाव-खानापूरपर्यंत सुतारकाम करणाऱ्यांच्या आणि घर बांधायला काढलेल्यांच्या फोनवर सध्या पटाशीबद्दल, म्हणजे लाकडात खाच पाडायच्या सपाट धारेच्या हत्याराबद्दल, एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘राऊटर आणि सीएनसीच्या जमान्यात पटाशीचं काम उरलंच नाही. उरलंय त्याला स्वस्तातली कुठलीही पटाशी चालते, कारण पोलाद सगळं एकच. क्रोम व्हॅनेडियमचा शिक्का बघा, झालं. जितकी कडक तितकी चांगली. धार गेली की ग्राइंडरला लावा, दोन मिनिटांचं काम. एकेक घेण्यापेक्षा बारा नगांचा सेट घ्या. महागाच्या पटाश्या हौशी लोकांनी घ्याव्यात.’

आयटीआयमधून नुकती बाहेर पडलेली पोरं हे वाचून हत्यारं घेतात. पहिल्या कमाईतून घेतलेलं हत्यार हलकं निघालं की पोराला वाटतं आपलाच हात बसत नाही. म्हणून या मेसेजमधल्या प्रत्येक वाक्याला उत्तर द्यायला हवं.

‘पटाशीचं काम उरलंच नाही.’ राऊटर म्हणजे लाकूड पोखरायचं हातयंत्र. त्याचा बिट गोल फिरतो, त्यामुळे त्यानं पाडलेल्या खाचेचा आतला कोपरा गोलच येतो. संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्राचंही तेच. आपल्या दारांना लागते ती बिजागरी चौकोनी कोपऱ्याची. तो कोपरा काटकोनात आणायचा तर पटाशीच लागते. मॉर्टिस लॉकचं, म्हणजे दाराच्या जाडीत बसणाऱ्या कुलपाचं घर यंत्रानं पोखरलं तरी त्याच्या पट्टीची खाच शेवटी हातानंच बसवावी लागते. भिंतीत बसलेल्या चौकटीजवळ राऊटर फिरवायला जागाच नसते. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस सुरू झाला की दारं फुगतात. शहापूर-वडगावातल्या जुन्या घरांत कुसू (सांध्याच्या खाचेत बसणारी लाकडाची जीभ) मोडून खाचेत अडकलेलं असतं, ते तासून काढायचं असतं. यातलं कुठलं काम यंत्रानं होतं? आणि यंत्रानंतर उरतं ते सगळं नजरेत येणारं काम असतं. बिजागरीच्या खाचेचा तळ सपाट नसेल तर पाकळी डुलते, स्क्रू सैल होतात आणि वर्षभरात दार खाली लोंबतं. गिऱ्हाईक मग राऊटरला बोलत नाही, मिस्त्रीला बोलतं.

‘पोलाद सगळं एकच.’ मेसेजमधलं हे सगळ्यात चुकीचं वाक्य आहे. पोलादाला पाणी चढतं की नाही, म्हणजे तापवून विझवल्यावर ते कडक होतं की नाही, हे त्यातल्या कार्बनवर ठरतं. स्लॅबच्या सळईत कार्बन साधारण पाव टक्का असतो. ती लालभडक करून पाण्यात बुडवली तरी धार धरण्याइतकी कडक होणार नाही. ट्रकच्या पाट्यात तो अर्धा ते पाऊण टक्क्याच्या मध्ये असतो, म्हणून मोडक्या पाट्याची पटाशी होऊ शकते. बेअरिंगच्या रिंगेत सुमारे एक टक्का कार्बन असतो आणि वर क्रोमियमही असतं, म्हणून जाणता लोहार बेअरिंगची रिंग दिसली की टाकून देत नाही. जुन्या कानशीही त्याच जातीच्या.

पण कार्बन असून भागत नाही. पोलाद आठशे अंशांच्या आसपास तापवून तेलात किंवा पाण्यात विझवलं की ते कडक होतं, पण इतकं ठिसूळ की हातोडीच्या टोल्यानं टवका उडेल. मग ते पुन्हा २०० ते २५० अंशांपर्यंत हळूच तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवावा लागतो. ही दुसरी पायरी घाईनं उरकली की एकाच पाट्यातून, एकाच भट्टीवर बनलेल्या दोन पटाश्यांत एक उत्तम निघते आणि दुसरी लाकडात वाकते. आपल्या भागात बाभळीच्या तुंब्यात (चाकाच्या मधल्या ओंडक्यात) आऱ्यांची भोकं पाडून बैलगाडीची चाकं करणारे सुतार होते. त्यांची किकरी (खोल खाच पाडायची जाड पात्याची हत्यारं) गावचाच लोहार बनवायचा आणि ती वर्षानुवर्षं टिकायची. पोलाद भंगारातलंच असायचं, पण पाणी देणारा हात जाणता होता. तेव्हा स्वस्त म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. कुठल्या पोलादाला कुणी कसं पाणी दिलंय, यावर पटाशीची किंमत ठरते, असं म्हणतोय.

आपल्याकडचं लाकूडही लक्षात घ्या. खानापूर-दांडेलीकडच्या सागात सिलिका असते. वाळूत असतं तेच हे द्रव्य. साग हाताला मऊ वाटतो, रंध्याखाली सुरेख चालतो, पण धार गुपचूप खातो. जांभ्याच्या कठीण लाकडाची तर गोष्टच वेगळी, त्यात किकरं घातलं की पाण्यातला दोष पहिल्या चार टोल्यांत कळतो. परदेशातल्या व्हिडिओत पाइनवर सरसर चालणारी पटाशी बघून आपल्या चौकटीसाठी हत्यार निवडता येत नाही.

दोष ओळखायचा कसा? नव्या पटाशीला नीट धार लावून सागाच्या तुकड्यात आडव्या रेषांत बिजागरीची एक खाच पाडा. मग धार उजेडाकडे धरून बघा. चांगली धार दिसतच नाही, तिथं उजेड परततच नाही. पांढरी बारीक रेघ चमकली तर धार गेलेली आहे. तीच धार नखावर हलकी ओढा. एका बाजूला अडकली तर पोलाद मऊ आहे, धार वळली. दात्यासारखी खरखरली तर पाणी जास्त झालंय, धारेचे कण तुटले. मात्र नवी पटाशी पहिल्याच धारेत अशी वागली तर लगेच निकाल लावू नका. कारखान्यात घासताना टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कधी कधी तापून बिघडलेले असतात. तेवढं घासून मागे सरका आणि पुन्हा बघा. बऱ्याच पटाश्या तिथून पुढे सुधारतात. तरीही नाही सुधारली तर मात्र ती रंगाचे डबे उघडायला ठेवा.

‘क्रोम व्हॅनेडियमचा शिक्का बघा.’ हा शिक्का गॅरेजमधल्या पान्यांवरही असतो. पाना रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर साधारण ४० ते ५० च्या मध्ये ठेवतात, कारण त्यानं तुटू नये एवढीच अपेक्षा असते. पटाशीला ५८ च्या वर जावं लागतं. दोन्हींवर तेच दोन शब्द. पोलादात काय मिसळलंय ते शिक्का सांगतो, कार्बन किती आणि पाणी किती हे सांगत नाही. खोक्यावर कडकपणाचा आकडा छापलेला असेल तर तो जास्त कामाचा. चेक देशातल्या नारेक्स कंपनीच्या बहुतेक पटाश्या क्रोम-मँगनीज पोलादाच्या, ५९ च्या आसपास कडक केलेल्या असतात. त्यांच्यावर व्हॅनेडियमचा शिक्का नाही म्हणून त्या कमी ठरत नाहीत.

‘जितकी कडक तितकी चांगली.’ हे ऐकून कुणी जपानी पटाशी मागवतो आणि जांभ्यावर मोगरीनं (लाकडी हातोड्यानं) ठोकतो. जपानी पटाशीचं धारेचं पोलाद ६३ ते ६५ पर्यंत कडक असतं. ते इतकं कडक आणि पातळ असतं म्हणून त्याच्यामागे मऊ लोखंडाचा थर जोडलेला असतो. तिकडचे सुतार बरंचसं काम सुगी, हिनोकी अशा मऊ लाकडांत करतात. तिथं ती धार काचेसारखा काप देते. आपल्या जांभ्यात, बाभळीत उचकटताना तीच धार दातेरी होते. रोजच्या चौकटी-खिडक्यांसाठी ५८ ते ६२ हा टापू पुरेसा आहे. त्यात राहून धारेचा कोन बदला: नुसत्या हातानं तासायच्या पटाशीला २५ अंश, मोगरीनं चालवायच्या पटाशीला ३०, खोल खाच पाडणाऱ्या किकऱ्याला ३५ पर्यंत. कित्येकदा पटाशीत काहीच खोट नसते, कोन बारीक ठेवलेला असतो.

‘धार गेली की ग्राइंडरला लावा.’ या सल्ल्यानं जितक्या चांगल्या पटाश्या वाया गेल्या असतील तितक्या गंजानंही गेल्या नसतील. चाकावर पटाशी टेकली की तिच्या टोकाशी पोलाद सगळ्यात पातळ असतं आणि उष्णता तिथेच साठते. घासलेल्या चकचकीत पोलादावर रंग चढत जातात: २२० अंशांच्या सुमाराला वाळक्या गवतासारखा फिका पिवळा, २४० ला तोच गडद, मग तपकिरी, २७५ च्या आसपास जांभळा आणि ३०० जवळ निळा. साध्या कार्बन पोलादाच्या पटाशीवर निळा रंग दिसला की तेवढ्या भागातलं पाणी उतरलं. लगेच पाण्यात बुडवली तरी ते परत येत नाही. निळा भाग पूर्ण घासून काढणं एवढाच उपाय. तो घासतानाही पुन्हा तापली तर निळा आणखी मागे सरकतो. अशा रीतीनं बोटभर पटाशी एका दुपारीत संपते आणि मिस्त्री दुकानदाराला शिव्या घालतो.

ग्राइंडर वापरूच नका असं नाही. टवका उडाला, कोन बदलायचा असला, तर वापरा. चाक खडबडीत आणि स्वच्छ ठेवा, बोट धारेच्या जवळ टेकवा, बोटाला चटका लागण्याआधी पाण्यात बुडवा. आणि काठापर्यंत जाऊच नका, केसभर आधी थांबा. तिथून पुढे दगड.

दगडावरचं काम दोन मिनिटांचं नाही, पण तासाभराचंही नाही, एक गोष्ट आधी केलेली असेल तर. नंदगडकडच्या एका वयस्क मिस्त्रींनी मला ती एका वाक्यात सांगितली होती: “पाठ बघ गा आधी, तोंड कसलं बी घासून काढता येतंय.” पाठ म्हणजे पटाशीची सपाट बाजू, ढाळ किंवा तोंड म्हणजे टोकाची तिरकी बाजू. धार म्हणजे पाठ आणि ढाळ जिथं मिळतात ती रेघ. पाठीवर कारखान्याच्या चाकाचे ओरखडे असतील तर ढाळ कितीही घोटला तरी धारेला तेच ओरखडे दात्यांच्या रूपानं येणार. म्हणून नव्या पटाशीची पाठ, टोकापासून इंचभर तरी, सपाट करून घ्यायची. जाड काचेच्या तुकड्यावर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, पाणी टाका, पटाशी आडवी दाबून घासा. पुढं ४००, मग १०००. सगळीकडे एकसारखी झळाळी आली की थांबा. हे काम आयुष्यात एकदाच करायचं. नंतर प्रत्येक धारेला पाठ दगडावर पूर्ण टेकवूनच फिरवायची, तिला कधीही उचलायचं नाही. ढाळ घासताना मागच्या बाजूला बोटाला अडकणारी बारीक कड आली की त्या दगडावरचं काम झालं. मग बारीक दगड, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर दोन-चार हात. कामाच्या मध्ये अशी धार परत आणायला चहा गार होईपर्यंतचा वेळ पुरतो.

पाठीवर गंजाचे खड्डे पडले तरी हाच घोटाळा होतो. आपल्या भागात जून ते सप्टेंबर हत्यारं पिशवीत ओली राहतात. काम संपल्यावर पुसून तेलाचा बोळा फिरवणं, एवढंच त्याला लागतं.

‘बारा नगांचा सेट घ्या.’ बारातल्या निम्म्याहून जास्त पटाश्या पेटीतच राहतात. चौकट, खिडकी, कपाट करणाऱ्याला दोन सूत, चार सूत, सहा सूत आणि एक इंच (आठ सुतांचा एक इंच), एवढ्या पटाश्या आणि एक तीन सुती किकरं पुरतं. किकरं वेगळंच हवं. पटाशीचं पातं रुंद आणि पातळ, ते खोल खाचेत उचकटलं की वळतं. किकऱ्याचं पातं रुंदीपेक्षा जाड असतं, ते सरळ उतरतं. कुसू लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवतात, तेव्हा नऊ सुती लाकडाला तीन सुतांचं किकरं खाचेची रुंदी आपोआप देतं. सेटमध्ये आणखी एक अडचण असते. माप मिलिमीटरमध्ये असतं. १२ मिलिमीटरची पटाशी चार सुतांपेक्षा जवळजवळ पाऊण मिलिमीटरनं कमी भरते. आखणी सुतात आणि हत्यार मिलिमीटरमध्ये असलं की खाच हातानं वाढवावी लागते आणि सांधा तिथेच ढिला पडतो.

आता शेवटचं वाक्य, महागाच्या पटाश्या हौशी लोकांसाठी. यात अर्धं खरं आहे. पोट भरणाऱ्या सुताराला चेक किंवा जपानी पटाशीवाचून काहीच अडत नाही. जालंधरच्या बाजूनं येणाऱ्या देशी मालातही चांगलं पोलाद मिळतं. पण जास्त किमतीत काय मिळतं ते मेसेज सांगत नाही. पाठ आधीच सपाट असते. बाजूच्या कडा पातळ असतात, म्हणून डव्हटेलच्या (कबुतराच्या शेपटीसारख्या सांध्याच्या) कोपऱ्यात पटाशी शिरते. पातं आणि मूठ एका रेषेत असतात. हे तिन्ही गुण स्वस्त पटाशीत शोधायचे असतील तर दुकानात वेळ द्यायला हवा. पटाशीची पाठ वर करून गुण्याची किंवा स्टीलपट्टीची कड तिच्यावर उभी धरा आणि दाराच्या उजेडाकडे बघा. मध्ये किंचित पोकळी असेल तर चालेल, ती घासून येते. मध्ये फुगवटा असेल तर परत ठेवा, पटाशी पट्टीवर डुलेल आणि तो फुगवटा घासता घासता हात भरून येतील. मग मुठीच्या बाजूनं एक डोळा मिटून पात्याकडे बघा, पातं कुठं वळलंय का. मोगरीनं ठोकायची असेल तर मुठीच्या डोक्यावर लोखंडी कडी हवी. प्लास्टिकची मूठ असेल तर तिच्या जोडावर फट दिसायला नको. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान बघा. दहातली दोनच पसंत पडली तर दोनच घ्या, बाकीच्या पुढच्या महिन्यात.