कार्ड घेण्याआधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा

जुन्या पीसीत ग्राफिक्स कार्ड बसवण्यावरच्या एका लेखात ‘मदरबोर्डावरचा स्लॉट मोकळा असला की कुठलंही स्वस्त ग्राफिक्स कार्ड चालतं’ असं म्हटलंय. तिथंच माणूस फसतो. कोल्हापुरात राजारामपुरीत कार्ड आणायला जाण्याआधी कॅबिनेट उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावरचं, स्टिकर वाचा. ठळक ‘४५० वॅट’ सोडा, १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १८ असतील तर २१६ वॅटच, आणि त्यातच प्रोसेसरही आला.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. म्हणून जुन्या ऑफिस पीसीला आरटीएक्स ३०५० चं ६ जीबी मेमरीवालं कार्ड बरं. ७० वॅटचं आहे, बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. ८ जीबीवाल्याचं नाव तेच, भूक मात्र ११५-१३० वॅटची! आरएक्स ६४०० हे कार्ड फक्त ५३ वॅट खातं, पण त्याला लेन (डेटा जायच्या वाटा) चारच. पीसीआय एक्सप्रेस ३ च्या, म्हणजे जुन्या पिढीच्या स्लॉटच्या, बोर्डावर ते मार खातं, वर व्हिडिओ एक्सपोर्ट-रेकॉर्ड करायला लागणारा एन्कोडरही नाही. एडिटिंगवाल्यांनी त्याच्या नादाला लागू नका भावांनो.

कॅबिनेट पातळ असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचं) कार्डच मागा, कार्ड कॅबिनेटला अडकवायची बुटकी पट्टी खोक्यात आहे का तेही बघा.

बसवल्यावर मॉनिटरची केबल मदरबोर्डातून काढून कार्डात लावा. ‘काही फरकच नाही राव’ या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा तिथंच असतं. डिस्प्लेच नाही आला तर पीसी बंद करून कार्ड काढा, सोनेरी कड खोडरबरानं हलकी पुसा आणि स्लॉटची खिट्टी ‘टक्’ वाजेपर्यंत कार्ड परत दाबून बसवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात रॅमलाही हाच उपाय.