"अल्कोहोलिक लिव्हर पाच ओळीत" ही नोट पाठ करताय? आधी हे वाचा

डॉक्टरकीच्या पीजी एन्ट्रन्सची तयारी करणाऱ्या पोरांमध्ये सध्या व्हॉट्सॲपवर एक नोट जोरात फिरतेय. त्यात म्हटलंय की आधी फॅटी लिव्हर मग हिपॅटायटिस (लिव्हरची सूज) मग सिरॉसिस (व्रणांनी कडक झालेलं लिव्हर), रक्तातले लिव्हरचे एन्झाइम्स हजारात जातात, बिअरवाल्याला काही होत नाही, बायोप्सीत मॅलरी बॉडी दिसली म्हणजे दारूच, आणि मॅड्री स्कोअर (हिपॅटायटिस किती गंभीर ते सांगणारा आकडा) ३२ च्या वर गेला की स्टेरॉइड. पाचातली एकही ओळ जशीच्या तशी घेण्यासारखी नाही आणि मला याचा खरंच राग येतो, कारण हेच पाठ करून उद्या कॅज्युअल्टीत बसायचंय.

सगळ्यात घातक ओळ एन्झाइम्सची. अल्कोहोलिक हिपॅटायटिसमध्ये एसजीओटी, एसजीपीटी हे लिव्हरचे दोन्ही एन्झाइम्स सहसा ४०० च्या आत राहतात, एसजीओटी दुपटीच्या आसपास जास्त. का, तर एसजीपीटी बनायला पायरिडॉक्सल फॉस्फेट (व्हिटॅमिन बी६ चं रूप) जास्त लागतं आणि सतत पिणाऱ्याकडे नेमकी त्याचीच कमतरता असते, शिवाय दारूने मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) दुखावले की तिथला एसजीओटी बाहेर पडतो. त्यामुळे पिणाऱ्या पेशंटचा आकडा हजारात आला तर "दारूच आहे" म्हणून फाईल बंद करू नका, पॅरासिटामॉल किती घेतलं ते विचारा, व्हायरल मार्कर पाठवा, बीपी पडलं होतं का बघा. आणि उलटंही तितकंच खरं, सिरॉसिसमध्ये एन्झाइम्स नॉर्मल येऊ शकतात, तिथे अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), आयएनआर (रक्त गोठण्याची टेस्ट) आणि प्लेटलेट बघायचे.

क्रमाचं म्हणाल तर भरपूर पिणाऱ्यांत ९० टक्क्यांच्या आसपास लोकांना फॅटी लिव्हर होतं पण सिरॉसिस साधारण १० ते २० टक्क्यांनाच. हिपॅटायटिस हा काही मधला थांबा नाही, कितीतरी वेळा कावीळ घेऊन पेशंट पहिल्यांदा येतो तेव्हा खाली सिरॉसिस आधीच तयार असतो.

बिअरचा हिशोब स्वतः करून बघा, मिली गुणिले टक्के (८ टक्के म्हणजे ०.०८) गुणिले ०.७९. ८ टक्केवाली ६५० मिलीची स्ट्राँग बाटली म्हणजे सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल, आणि ४२.८ टक्के व्हिस्कीचे ६० मिलीचे दोन पेग म्हणजेही जवळपास तेवढंच. लिव्हरला ग्रॅम कळतात, ब्रँड नाही. हिस्ट्री घेताना "फक्त बिअर घेतो" असं लिहून पुढे जाऊ नका, बाटल्या मोजा.

मॅलरी बॉडी म्हणजे फुगलेल्या हिपॅटोसाइटमधले (लिव्हरच्या पेशीतले) गुलाबी, दोरीसारखे गुंतलेले केराटिन ८ आणि १८ या प्रोटीनचे पुंजके. ते दारू न पिणाऱ्याच्या स्टिॲटोहिपॅटायटिसमध्ये (चरबीमुळे आलेल्या लिव्हरच्या सुजेत) दिसतात, विल्सनमध्ये (तांबं साठण्याचा आजार) दिसतात, पीबीसीत (पित्तनलिकांचा आजार) दिसतात. आणि आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस, त्यात तर ते भरभरून असायचे. पितळेच्या भांड्यात तापवलेल्या, साठवलेल्या दुधातलं तांबं बाळाच्या लिव्हरमध्ये जातंय हा धागा ज्या कामातून पुढे आला त्यातलं मोठं काम पुण्यात झालं. ती बाळं वर्ष-दोन वर्षांची होती हो, कुठली दारू आणि कुठलं काय!

राहिलं स्टेरॉइड. मॅड्री स्कोअर ३२ किंवा वर म्हणजे आजार गंभीर, एवढंच. प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) ४० मिग्रॅ २८ दिवस देण्याआधी इन्फेक्शन, जीआय ब्लीड (पोटातला रक्तस्राव), आणि आपल्याकडे टीबी आणि हिपॅटायटिस बी हे बघावंच लागतं. सातव्या दिवशी लिल स्कोअर (स्टेरॉइड लागू पडतंय का ते सांगणारा आकडा) काढायचा, ०.४५ च्या वर असेल तर बंद करायचं. २०१५ च्या स्टोपा (STOPAH) ट्रायलमध्ये पेन्टॉक्सिफायलिन या दुसऱ्या औषधाचा फायदा दिसला नाही, आणि प्रेडनिसोलोनचाही ९० दिवसांनी किंवा वर्षाने मृत्यूदरावर फरक दिसला नाही. पुढे पेशंट जगतो की नाही हे बरंचसं त्याची दारू सुटते का यावर ठरतं, सिरॉसिस झालेला असला तरीसुद्धा, आणि दारू सोडवणं, थायमिन (व्हिटॅमिन बी१), प्रोटीनचा आहार यातलं एक अक्षरही त्या नोटमध्ये नाही.