छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे

‘कुत्र्याला मारले तरच तो छळ. बांधलेले कुत्रे राखण चांगली करते, उरलेसुरले त्याला पुरते आणि खरूज झाली तर जळके ऑइल फासले की काम भागते. आजोबांनी हेच केले आणि त्यांची कुत्री बारा-बारा वर्षे जगली. बाकी सारी शहरी थेरे आहेत,’ अशा आशयाचा मजकूर सध्या व्हॉट्सॲपच्या अनेक गटांत हौसेने पुढे पाठवला जात आहे. तो लिहिणाऱ्याच्या मनात कुत्र्यांविषयी आकस असेल असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच त्याला उत्तर देणे मला गरजेचे वाटते. माझ्या पाहण्यात पाळीव जनावरांचे जे हाल झाले, त्यांतले बरेचसे अशा निर्धास्त समजुतींमुळेच झाले.

आधी ‘शहरी थेरां’विषयी. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० सालचा, म्हणजे आजोबांच्याच काळातला आहे; राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी त्यासाठी चिकाटीने पाठपुरावा केला होता. त्याच्या कलम ११ मध्ये मारहाणीबरोबरच अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, सदैव बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवायला न नेणे आणि पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे यांचीही गणना क्रूरतेत केलेली आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड अवघा १० ते ५० रुपये आहे, ही त्या कायद्याची लाजिरवाणी बाजू होय.

बांधलेले कुत्रे राखण चांगली करते, हा दावा तर अनुभवाच्या कसोटीवर मुळीच टिकत नाही. आजोबांच्या काळातले कुत्रे गुरांमागे रानात जात असे, धनगरांच्या वाड्याबरोबर मैलोनमैल चालत असे. पाहुणे आल्यावर काही वेळ खुंट्याला बांधले जाणे आणि सहा फुटांच्या साखळीत जन्म काढणे या दोन गोष्टी एक नव्हेत. कायम बांधलेल्या कुत्र्याला भीती वाटली तरी पळून जाता येत नाही, म्हणून ते अंगावर येते. माणसांची सवय उरत नाही, म्हणून पोस्टमन, पाहुणा आणि अंगणातले रांगते मूल यांत त्याला फरक करता येत नाही. पान हलले तरी ते भुंकते, आणि मग खरोखर चोर आला तरी घरचे कोणी उठत नाही. साखळीने घासून जमिनीवर उमटलेले ते उघडेबोडके वर्तुळ, त्यातच अन्न, त्यातच विष्ठा आणि कडेला उपडे पडलेले पाण्याचे भांडे, हे दृश्य आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेले आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच शरीर थंड ठेवते. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली पाण्यावाचून बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात व्हायला दिवसही लागत नाही.

अन्नाबाबत मात्र मजकुरातले अर्धे म्हणणे मला मान्य आहे. दूध-भाकरी वा भात घालणे हा छळ नव्हे. तथापि कांद्याने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात आणि शिजवलेले हाड तुटून घशात वा आतड्यात रुतते, त्यामुळे ताटांतले सगळे उरलेले एकत्र करून घालणे थांबवलेच पाहिजे.

सर्वांत घातक आहे ते गॅरेजमधून आणलेले जळके ऑइल. खरूज होते ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळे. ऑइलने आधीच सोललेली कातडी आणखी भाजते, आणि खाज सहन न होऊन कुत्रे अंग चाटते तेव्हा ते विष थेट पोटात जाते. खरजेवर आज गोळ्या आणि इंजेक्शने उपलब्ध आहेत, आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गुरांप्रमाणे कुत्र्यालाही नेता येते. औषधाचे प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवावे, कारण गुरांसाठी आणून ठेवलेले आयव्हरमेक्टिन अंदाजाने टोचल्यास कुत्र्याचा जीवही जाऊ शकतो.

‘बारा वर्षे जगली’ हा युक्तिवाद ऐकायला भक्कम वाटतो. परंतु जी पिल्ले लसीवाचून तिसऱ्या महिन्यात गेली, जी कुत्री गोचिडांच्या तापाने दुसऱ्या वर्षी गेली, त्यांची गोष्ट कोणी सांगत नाही. घराच्या आठवणीत राहते ते तगलेले एखादेच.

राहता राहिले मूळ विधान, की मारले नाही म्हणजे छळ नाही. गेल्या वर्षी आमच्या वस्तीवर एक तांबूस कुत्रा सतत मान वाकडी करून बसलेला दिसे. त्याला घरात कोणी कधी काठी लावली नव्हती, मुले तर त्याला स्वतःच्या हातातले बिस्किट देत. मी जवळ जाऊन बसल्यावर प्रथम वास आला. पिल्लू असताना गळ्यात बांधलेली नायलॉनची दोरी कोणी सैल केलीच नव्हती. मान वाढत गेली, दोरी कातडी चिरून आत गेली आणि वरून केस आल्यामुळे ती दिसेनाशी झाली. डॉक्टरांना भूल देऊन ती काढावी लागली. मालक दवाखान्याच्या पायरीवर बसून रडले, आणि ते रडणे खरे होते. गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत आणि वाढत्या पिल्लाच्या बाबतीत हे दर आठवड्याला तपासले पाहिजे, एवढेही त्यांना आजवर कोणी सांगितलेले नव्हते.