‘युनिट तेच, सिरिंज कुठलीही चालते’: खुलासा

गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्याचं इन्सुलिन पेन बिघडलं, तर त्यातल्या कार्ट्रिजमधून (औषधाच्या नळीतून) मिळेल त्या सिरिंजने औषध ओढून द्यावं, असा सल्ला कोकणातल्या ग्रुपांवर फिरतोय. सिस्टर आणि फार्मासिस्ट मंडळींनी तो पाळू नये. कार्ट्रिजमध्ये मिलीला सहसा 100 युनिट असतात (काहींत त्याहून जास्त). लाल टोपीची सिरिंज 40 च्या (मिलीला 40 युनिट असलेल्या) बाटलीसाठी असते. तिची 20 ची रेघ म्हणजे अर्धा मिली. त्यात 100 चं औषध भरलं की 50 युनिट जातात, अडीचपट! उलट केशरी टोपीच्या, 100 च्या सिरिंजने 40 चं औषध 20 पर्यंत घेतलं, तर जेमतेम 8 युनिट. साखर उतरत नाही म्हणून डोस उगाच वाढवला जातो. टोपीच्या रंगावर भिस्त नको, औषध आणि सिरिंज, दोन्हींवरचे आकडे जुळवा. पेन मिळेपर्यंत 40 ची बाटली आणि 40 चीच सिरिंज, तीही डॉक्टरांना विचारून. इन्सुलिनचा प्रकार बदलता कामा नये.